मागच्या फाटकाचं कुलूप

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या कमिटीच्या सेक्रेटरी साहेबांनी एक कुलूप माझ्या हातात दिलं. नवं कोरं, खोक्यातलं, वंगणाचा वास येणारं, दोन चाव्या तारेत ओवलेल्या. म्हणाले, "लुसी, शनिवारी संध्याकाळी मागच्या फाटकाला लावून टाक. पुढच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, मग नाताळ. सणाला लोक चांगले कपडे घालून येतात, त्यांना तो बोंबलाचा वास नको." मी मान हलवली. मान हलवायची मला सवय आहे. तारेतली एक चावी काढून त्यांनी आपल्या खिशात घातली आणि एक मला ठेवली.

आज बुधवार. कुलूप फळीवर आहे, मिठाच्या बरणीजवळ. स्वयंपाक करताना माझी पाठ त्याच्याकडे असते, तरी ते तिथे आहे हे पाठीला कळतं.

फाटक अजून उघडं आहे. त्यातून उत्तरेचा वारा येतो. पावसाचा चिखल सुकला, भात कापून झालं, सकाळी पायाला फरशी गार लागायला लागली, की हा वारा येतो आणि आमच्या किनाऱ्यावर बोंबलाचे दिवस सुरू होतात. आमच्या चर्चच्या मागे, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, भिंतीपासून वाळूपर्यंत बांबूच्या वलांडी उभ्या राहतात. उभे दोन बांबू, त्यावर आडवे बांबू, मध्ये दोऱ्या, आणि दोऱ्यांवर हजारो ओले बोंबील. सकाळच्या उन्हात ते काचेसारखे दिसतात. चार-पाच दिवसांत पिवळट होतात, कडक होतात, आणि वारा सुटला की एकमेकांवर आपटून वाळलेल्या शेंगांसारखे वाजतात. देवळात बसून प्रार्थना म्हणताना तो आवाज ऐकू येतो. वास तर येतोच. तो वेदीच्या मागच्या खिडकीतून आत येतो आणि उदबत्तीच्याही पुढे जाऊन बसतो.

हे मी धर्मशिक्षणाच्या जुन्या हजेरीवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, सिस्टरांच्या वसतिगृहात. तिथे अक्षर चांगलं म्हणून मला शाबासकी मिळायची, आणि बोलत नाही म्हणून छडी. माणसांसमोर माझे शब्द घशात अडकतात. कागदासमोर अडकत नाहीत, कारण कागद वाट बघतो. ही वही कोणी वाचत नाही. पेटीत खाली, पास्कूच्या स्वेटरखाली असते.

पास्कू माझा नवरा. तो या देवळाचा रखवालदार आणि माळी होता, त्याच्यामुळे मी इथे आले. इथे येऊन मला बावीस वर्षं झाली. माझं माहेर पूर्वेकडे डोंगरात. समुद्र मी लग्नानंतर पाहिला आणि मला तो आवडला नाही, फार बोलतो म्हणून. देवळामागची ही खोली मिळाली, एक दार, एक खिडकी. दार देवळाकडे उघडतं आणि खिडकी कोळ्यांच्या आळीकडे. तेव्हा मधे भिंत नव्हती. निवडुंगाचं कुंपण होतं आणि त्याला एक मोठं भगदाड. त्या भगदाडातून आळीतल्या बायका आवारात यायच्या. देवळाची मागची पट्टी उंच, कोरडी, वाऱ्याच्या तोंडाशी. त्यांच्या निम्म्या वलांडी तिथेच असायच्या. कोणी परवानगी दिली होती असं नाही. कोणी नाही म्हटलं नव्हतं.

चंद्रीबाय त्यातलीच. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज भरतीसारखा. पहिल्याच आठवड्यात ती खिडकीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो, घरात काय पुरून ठेवलंय काय? भायेर ये." मी दाराआड गेले. ती हसली. "डोंगरातली चिंबोरी ही. पाय वाजला का बिळात." त्या दिवसापासून मी तिची चिंबोरी झाले. आमच्याकडे ओढ्यातले खेकडे असेच करतात, त्यामुळे मला रागही आला नाही.

बोंबील टांगायला तिनेच मला शिकवलं. ओला बोंबील हातात टिकत नाही, भिजलेल्या साबणासारखा निसटतो. त्याचं तोंड मात्र मोठं आणि दात बारीक. एकट्या बोंबलाला दोरीवर टांगता येत नाही. दोन घ्यायचे, एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग दोघंही पडत नाहीत. पहिल्या दिवशी माझी बोटं रक्ताळली. चंद्रीबाय म्हणाली, "चावूनशी घेऊ दे. एक डाव चावला का मग वळखतो."

पास्कू वारला तेव्हा मे महिना होता. देवळाचे लोक मिस्साला आले, पेटीला खांदा दिला, दफनभूमीपर्यंत गेले. पेटी खाली उतरवायला दोर लागतो, तो कोणीच आणला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेव्हा चंद्रीबायचा नवरा निघून गेला आणि आपल्या बोटीचा दोर घेऊन आला. त्या दोराला मासळीचा वास होता. पास्कू त्या दोरावरून खाली गेला. त्यानंतर नऊ दिवस चंद्रीबाय रोज संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची. तीसुद्धा काही बोलायची नाही, आणि ते तिला किती जड गेलं असेल हे मला ठाऊक आहे.

हे सगळं लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

आमच्या देवळात येणारे लोक इथले नाहीत. ते बोईसरहून येतात, सालवडच्या चाळींतून येतात, कंपन्यांच्या वसाहतीतून येतात. कोणी वसईकडचे, कोणी केरळचे, कोणी झारखंडचे. रिक्षा थेट पुढच्या दारात थांबतात. मिस्सा झाली, हात जोडले, रिक्षा गेल्या. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस या देवळाच्या आसपास देवळाचं म्हणावं असं एकच माणूस असतं. ते मी.

एका डिसेंबरात देवळात एक लग्न झालं. मुलीकडचे लोक नाकाला रुमाल लावून बसले. त्यावरून कमिटीत बोलणं झालं आणि पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली, माणसाच्या डोक्याहून उंच. मागच्या बाजूला एक लोखंडी फाटक ठेवलं. बायकांना वाटलं, फाटक आपल्यासाठीच. त्या वर्षी पावसानंतर त्या फाटकातून आत आल्या, वलांडी बांधल्या, बोंबील घातले. मग एका संध्याकाळी तेव्हाच्या फादरांनी आणि सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावलं. "आजपासून मागचं फाटक बंद. कुलूप लाव, चावी तुझ्याकडे." मी विचारलं नाही, की आत वलांडीवर माल आहे त्याचं काय. विचारायचं होतं. शब्द इथपर्यंत आला, आणि सेक्रेटरी साहेब म्हणाले, "आणि लुसी, खोली संस्थेची आहे. पास्कू होता तोवर वेगळं होतं. लक्षात असू दे." मी मान हलवली.

कुलूप लावलं. आळीत जाऊन सांगायला वीस पावलं होती. सांगितलं नाही.

सकाळी चंद्रीबाय फाटकाशी आली. मी चूल पेटवत होते. "लुशे, कडी काड." मी तशीच बसले. "लुशे. अगो लुशे." फाटक हलवल्याचा आवाज आला. तिच्यामागे आणखी बायका होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. "लुशे, घरात हाय काय? वो दे गो." मी दाराला आतून पाठ लावून उभी राहिले. चुलीवर भाताचं पाणी उतू गेलं, तरी हलले नाही. ती किती वेळ हाका मारत होती मला सांगता येणार नाही. मला ते अख्ख्या चाळीस दिवसांच्या उपवासाइतकं वाटलं.

तीन दिवस बोंबील आत राहिले. रात्रीचं दहिवर पडलं, कोणी परतवले नाहीत, काढले नाहीत. जोड्या खाली गळल्या. कावळे आले. चौथ्या दिवशी मला ते झाडून टाकायला सांगितलं आणि मी झाडून टाकले.

त्यानंतर आळीतलं माझ्याशी कोणी बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. नळावर मी गेले की बायका बाजूला सरकून मला जागा द्यायच्या, मोठ्या माणसाला देतात तशी. चंद्रीबाय मला बघून डोक्यावरची पाटी नीट करायची. एका बाजूला देवळाची माणसं, ज्यांचं मी खाते आणि ज्यांना माझं नाव झाडूपुरतं ठाऊक. दुसऱ्या बाजूला भिंत. मधे माझी खोली. संध्याकाळी तारापूरकडच्या कंपन्यांचा भोंगा वाजायचा, हवेत औषधासारखा उग्र वास पसरायचा, आणि मी खिडकीत बसून भिंतीच्या न रंगवलेल्या विटा बघायची. खिडकीतून आता तेवढंच दिसत होतं.

अशी चार वर्षं गेली आणि नवे फादर आले.

आज जो वारा येतो आहे, तो मला त्यांच्या त्या पहिल्या हिवाळ्यात घेऊन जातो. तीन वर्षं झाली त्याला. ते तरुण होते, किडकिडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी प्रवचनात विचारलं, "आपल्या भिंतीपलीकडे कोण राहतं? त्यांना काय दुखतं, काय आवडतं, कोणाला ठाऊक आहे?" मी मागच्या बाकावर होते. माझे कान तापले. मला ठाऊक होतं, भिंतीपलीकडे कोणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, कोणाची सून माहेरी गेली, कोणत्या घरी बोंबलाच्या चटणीत कैरी घालतात. मी चप्पल बघत बसले.

मग फादरांनी ठरवलं, की देवळाने आधी शेजार ओळखायचा. शिकवायचं नाही, काही वाटायचं नाही, नुसतं जायचं आणि ऐकायचं. विचार चांगला होता, आजही मला चांगला वाटतो. पण कमिटीने त्याचा फॉर्म केला. दहा प्रश्न. घरात माणसं किती, काम कुठे, पाण्याची सोय काय, चर्चबद्दल मत काय. दोघादोघांच्या जोड्या झाल्या आणि रविवारी मिस्सानंतर इस्त्रीच्या कपड्यांत सगळे आळीत शिरले.

रविवारी सकाळी कोळ्याच्या घरात बाई असते का? रविवार हा मासळीचा सगळ्यात मोठा दिवस. त्या वेळी सगळ्या आळीच्या पाट्या बोईसरच्या बाजारात असतात. घरात असतात म्हातारे आणि मांजरं. देवळाचा हॉल झाडताना मी ते भरलेले फॉर्म वाचले. "घर बंद." "घर बंद." "घरी आजोबा, ऐकू येत नाही." एकावर लिहिलं होतं, "कुत्रा आहे." चंद्रीबायच्या घराच्या फॉर्मवर लिहिलं होतं, "घर बंद. बाहेर मासळी." चौथ्या रविवारपर्यंत असेच फॉर्म जमले.

त्यांनी हॉलच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला. रंगीत पेनांनी काढलेला. देऊळ मधोमध निळं, चाळी हिरव्या, मारुतीचं देऊळ भगवं, आळी लाल. मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होते. नकाशात देवळाभोवती एक जाड काळी रेघ होती, सलग. मागचं फाटक काढलेलंच नव्हतं. म्हणावंसं वाटलं, इथे एक दार आहे. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "लुसी, बिनसाखरेचा कोणता?" मी बिनसाखरेचा दाखवला.

फॉर्मने जमलं नाही, म्हणून शेजारमेळावा ठरला. आगमनकाळातला एक दिवस, सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं. हॉल गुरुवारी मोकळा असतो, म्हणून गुरुवार. आणि पाहुण्यांना चांगलं जेवण हवं, म्हणून कोंबडी.

मेळाव्याच्या जेवणासाठी मी कांदे चिरत होते. त्या दिवसांत आमचा आगमनकाळ असतो आणि त्यांचा मार्गशीर्ष. आमच्या वेदीवर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, आणि त्यांच्या घरांत दर गुरुवारी घट बसतो, पाच झाडांची पानं, नारळ, हळदीकुंकू. आळीतल्या बायका दिवसभर उपास करतात. त्या दिवशी घरात मासळी शिजत नाही, मग कोंबडी तर दूरच. संध्याकाळी गोडाचा नैवेद्य दाखवून सोडतात. पास्कू होता तेव्हा चंद्रीबाय मला त्या दिवशी केळ्याच्या पानावर खीर आणून द्यायची. त्या वाट बघतात, आम्हीही वाट बघतो, एकाच महिन्यात, एकाच वाऱ्यात. हे देवळात एकट्या मला ठाऊक होतं. मी सुरी खाली ठेवली. तोंड उघडलं. "बारीक चिर गं," सेक्रेटरी साहेबांच्या बाई म्हणाल्या. मी बारीक चिरले.

त्या गुरुवारी ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या. आले पाच जण, सगळे चाळीतले, कंपनीतल्या पाळीवरून सुटलेले. त्यातल्या एकाने दारातच विचारलं, "यहाँ नाम लिखवाने से गॅस का कनेक्शन मिलेगा क्या?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "चलो, खाना तो मिलेगा," आणि मनापासून जेवला. आळीतून एकच म्हातारा आला. तो पुढच्या फाटकाच्या बाहेरच थांबला आणि फादरांना म्हणाला, "बोलवलं, बरं केलं. पण आज गुरवार हाय. बायकांचा उपास. बायको उपाशी बसवून पुरुषांनी हितं कोंबडी खावी काय?" म्हातारा हात जोडून गेला.

कमिटीचे लोक म्हणाले, आपण केलं तेवढं केलं, त्यांनाच यायचं नाही. आणि रिक्षा गेल्या.

मी मोरीत पातेली घासत होते. फादर पाणी प्यायला आत आले. ग्लास भरला, प्यायले नाहीत. म्हणाले, "लुसीबाई, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"एकोणीस."

"आज गुरुवार आहे, त्यांचा उपास असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाय."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "खरं आहे," म्हणाले. "आम्ही पाचशे फॉर्म छापले आणि तुम्हाला विचारलं नाही. चुकलं." एवढं बोलून ते जायला निघाले. माझं काम तिथे संपलं होतं. मी वाचले होते. दोष माझ्यावरून उतरून त्यांच्यावर गेला होता, आणि त्यांनी तो घेतलासुद्धा. पण ते पाठमोरे झाले आणि मला ते उपाशी माणसासारखे दिसले. आणि चंद्रीबायलाही त्या दिवशी हाका मारताना असंच, आत कोणी नाही, असं वाटलं असेल का, हे डोक्यात आलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि बोलले. फाटकाचं बोलले. कुलपाचं, दहिवराचं, दाराला पाठ लावून उभी राहिले त्याचं. पास्कूच्या पेटीच्या दोराचंही बोलले. एकोणीस वर्षांत त्या देवळात मी एवढं बोलले नव्हते. नळ चालूच राहिला होता, तो फादरांनी बंद केला.

"चावी कुठे आहे?"

"माझ्याकडं."

"मग उद्यापासून फाटक उघडं ठेवा. कमिटीला मी सांगतो. पण त्यांना बोलवायला मी नाही जाणार. ते तुमचं आहे."

फाटक मी उघडलं. गंजलेलं कुलूप तेल घालून काढलं. बोलवायला गेले नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. रोज सकाळी फाटक सताड उघडायची आणि खोलीत जाऊन बसायची. कोणी आलं नाही. एक बकरी आली. तिने फादरांनी लावलेली शेवंती खाल्ली आणि रोज यायला लागली.

नवव्या दिवशी मी गेले. वीस पावलं होती, ती मी मोजली. चंद्रीबाय वलांडीशी उभी होती, पाटीतले ओले बोंबील टांगत. केस पांढरे झाले होते. इतक्या जवळून मी तिला चार वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने वर पाहिलं नाही.

"काय गो, फारम भरायला आलीस? लिव. नाव चंद्री, धंदा बोंबील, देव हाय तोच."

"नाय. फारम नाय."

"मग वाट चुकलीस?"

मी हात पाटीत घातला. एक बोंबील उचलला, मग दुसरा. जबड्यात जबडा अडकवला, दोरीवर टाकला. बोटं विसरली नव्हती. पाच-सहा जोड्या झाल्यावर तोंड उघडलं. "त्या दिवशी मी घरातच होते. तू हाक मारलीस, ती ऐकली."

"ठाव हाय."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुझी चूल धुरत होती गो. कवलांतून धूर येत होता. आमी काय आंधली हाव?" तिचा हात थांबला नाही. "कुलूप देवलाच्या लोकांनी लावलं, ते आमाला पयल्या दिशीच समजलं. तू नोकर माणूस. बोंबील गेले, ते समुद्र परत देतो. पण तू वो का नाय दिलीस? नुसतं वो. मंग भिंतीवरून बोललो असतो. चार वरीस मी ईचार करतंय, माजी हाक येवढी परकी झाली काय?"

मी रडले असेन. तिने बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. टांगता टांगताच म्हणाली, "जोडी नीट घाल. हा पडतंय बग."

"फाटक उघडं हाय," मी म्हणाले.

"बगितलं. बकरी जाते." मग पुन्हा, "बोलवायला येवढे दिस लागले. चिंबोरी ती चिंबोरीच."

त्या आल्या. लगेच नाही, नाताळाच्या दोन दिवस आधी. मी देवळात येशूजन्माचा गोठा मांडत होते. पेंढा, कापूस, मेंढ्या, तीन राजे. गोठा मांडताना मला नेहमी एक गोष्ट सलते. मारिया आणि योसेफ ज्या धर्मशाळेच्या दारावर गेले, तिथल्या माणसाची मूर्ती कोणत्याच संचात नसते. त्याला सगळे वाईट म्हणतात. मला वाटतं, तो नोकर असेल. चावी त्याच्याकडे, घर दुसऱ्याचं. जागा नाही असं सांगायला निदान तो दारात तरी आला. चंद्रीबाय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बालाला वारा लागंल हितं. पेंडा वाडव." आणि तिनेच पेंढा वाढवला.

तीन हिवाळे वलांडी आत होत्या. फादर रोज संध्याकाळी तिथे फेरी मारायचे, बायकांना मासळीची नावं विचारायचे, चुकीची म्हणायचे, बायका हसायच्या. फॉर्म पुन्हा काढले नाहीत. नकाशावर त्यांनी काळी रेघ खोडून मागे एक दार काढलं, तेही वाकडं. आळीतलं कोणी मिस्साला आलं नाही, फादरांनी कोणाला बोलावलंही नाही. पण बोटीवर कोणी आजारी पडलं तर गाडीसाठी लोक देवळाच्या दारात यायला लागले, आणि देवळातलं कोणी वारलं तर दोर मागायला लागत नसे.

या जूनमध्ये फादरांची बदली झाली. बदली कधी कोणाला विचारून होत नाही. आताचे फादर वयस्क आहेत, चांगले आहेत, दम्याने बेजार आहेत. त्यांनी कारभार सेक्रेटरी साहेबांवर सोडला आहे. म्हणून फळीवर कुलूप आहे.

मी या तीन दिवसांत सगळं करून बघितलं, मनात. कुलूप विहिरीत टाकून बघितलं. साहेबांना नाही म्हणून बघितलं. मग रिकामी पेटी घेऊन रस्त्यावर उभी राहिले तेही बघितलं. माहेरी भाऊ आहे, त्याच्या घरात त्याचीच माणसं मावत नाहीत. पन्नाशीत दुसरीकडे कोण झाडू देईल? ही खोली, हे आवार, ही भिंत. बिळाला दुसरं तोंड नाही. कुलूप मला लावावं लागेल. मी लावणार. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं, कारण हे खरं आहे.

वही इथे बंद केली होती. आज पुन्हा उघडली. पुढचं लिहिते.

गुरुवारी दुपारी मी आळीत गेले. चंद्रीबाय जाळ्याजवळ बसली होती, आणखी चार बायका होत्या. चौघींसमोर बोलायची मला सवय नाही. तरी उभ्याउभ्याच सांगितलं. "शनिवारी संध्याकाळी फाटकाला कुलूप लागणार. मीच लावणार. त्याआधी माल काडून घ्या."

एक म्हणाली, "आलं परत मूळ पदावर." दुसरी म्हणाली, "या डावाला सांगितलं तरी."

चंद्रीबायने विचारलं, "नाय लावलंस तर तुला काडतील काय?"

"हो."

"मग लाव. कुठं जाशील, डोंगरात? दात तरी हायत काय आता खेकडे फोडायला?" बायका हसल्या. मीही हसले असेन.

शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी मिळून वलांडी उतरवल्या. वाळलेल्या जोड्या पाटीत भरल्या, ओल्या तशाच दोरीसकट उचलून नेल्या. मी दोरीचं एक टोक धरलं होतं, चंद्रीबायने दुसरं. एकही जोडी सुटली नाही. देवळाची मागची पट्टी मोकळी झाली, बांबूंची भोकं तेवढी राहिली. शनिवारी संध्याकाळी मी कुलूप लावलं. ते नवं आहे, लगेच बसलं. चावी पोलक्यात टाकली, ती गार लागली.

रविवारी पहिली मेणबत्ती लागली. लोक चांगल्या कपड्यांत आले. वारा उत्तरेचाच होता, आणि बोंबलाचा वास वेदीच्या मागच्या खिडकीतून आत आला, जसा रोज येतो. साहेबांच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी मागच्या बाकावर बसून मान खाली घातली.

आज सोमवार. सकाळी मागची पट्टी झाडत होते. भिंतीच्या वरून बांबूंची टोकं दिसत होती. त्यांनी वलांडी पलीकडून भिंतीला अगदी लागून उभ्या केल्या होत्या. वाळलेल्या जोड्या वाजत होत्या. फाटकाजवळ कोणीतरी चालल्याचा आवाज आला आणि थांबला.

"लुशे."

झाडू हातात तसाच राहिला. पाय खोलीच्या दाराकडे वळले. ते आपोआप वळतात, मी त्यांना सांगत नाही.

"अगो लुशे. हाय काय?"

चुलीचा धूर कौलांतून वर जात होता. मी पाय थांबवले.

"ओ," मी म्हणाले. ते माझ्याजवळच राहिलं असावं, म्हणून भिंतीशी गेले, तोंड वर केलं आणि पुन्हा म्हणाले, मोठ्याने.